एकाच पट्टीवर ग्रास ज्वेल आणि ॲटलास: प्रकल्पाच्या नोंदी

काम असं: आपल्याकडचं अगदी लहान फुलपाखरू ग्रास ज्वेल आणि सगळ्यात मोठा पतंग ॲटलास, दोन्ही अंड्यापासून वाढवायचे, मोजायचे आणि शाळेच्या भिंतीसाठी खऱ्या मापाचा एक तक्ता करायचा. जागा सावंतवाडी तालुक्यातलं परसदार आणि घरामागचा कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. हेच काम कुणी करणार असेल तर आमचे चुकलेले दिवस त्यांचे वाचावेत, म्हणून या नोंदी.

सुरुवातीलाच एक सांगणं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचींमध्ये अनेक फुलपाखरं आहेत. आपल्या भागात कोणती जात चालते ते वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून मगच हात लावा. अभयारण्यातून काही आणू नका.

४ जुलै
पडवीतल्या ट्यूबलाइटखाली ॲटलासची मादी बसलेली मिळाली. पंखांच्या कडा फाटलेल्या, पोट जाडजूड. अशी मादी बहुतेक वेळा मीलन झालेलीच असते, त्यामुळे नर शोधायची गरज नाही. तिला किराण्याच्या मोठ्या खाकी पिशवीत रात्रभर ठेवलं. पिशवी कागदाचीच हवी. प्लास्टिकमध्ये दमट होतं आणि अंडी गुळगुळीत बाजूला नीट चिकटत नाहीत. सकाळी ३८ अंडी ठेवून मादी संध्याकाळी त्याच भिंतीपाशी सोडली.

अंडी खरवडून काढू नका, फुटतात. कागदासकट कात्रीने कापा. आम्ही आधी दोन नखाने काढायला गेलो, तेव्हाच अंदाज आला. काही अंडी पिशवीच्या तळाशी सुटी पडली होती, ती २० अंडी ०.०१ ग्रॅमच्या सोनाराच्या काट्यावर एकत्र टाकली: ०.१३ ग्रॅम. म्हणजे एक अंडं साधारण साडेसहा मिलिग्रॅमचं. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

१२ जुलै
ग्रास ज्वेलचा पहिला प्रयत्न फसला. सड्यावरची रानटी निळीची रोपटी मुळासकट उपटून शेणखत घातलेल्या कुंडीत लावली होती. आठ दिवसांत मुळं कुजली. कातळावरच्या या झाडांना मूठभर मुरुमाची आणि निचऱ्याची सवय असते. शेणखत आणि कोकणातला जुलै, दोन्ही मिळून त्यांना सोसत नाही. शिवाय एवढ्या पावसात सड्यावर फुलपाखरूच दिसत नव्हतं. रोपं जगली असती तरी अंडी घालायला कोण येणार होतं? हा भाग पाऊस ओसरेपर्यंत बाजूला ठेवला.

१४ जुलै
ॲटलासची अंडी दहाव्या दिवशी, पहाटेपासून फुटू लागली. ३१ अळ्या निघाल्या. उरलेली सात अंडी मधे खोलगट झाली होती, ती फुकट गेली. अळ्या अंड्याचं कवच थोडं खातात, तेवढं खाऊ द्यावं.

परसातल्या पेरूची कोवळी पानं दिली. दोन तासांत कुरतडायला लागल्या.

१७ जुलै
३१ वरून १९. तीन दिवसांत १२ गेल्या आणि चूक पूर्ण आमची होती. सगळ्या अळ्या घट्ट झाकणाच्या एकाच डब्यात ठेवल्या होत्या. आत झाकणावर पाण्याचे थेंब जमले, काही अळ्या त्या थेंबांना चिकटून मेल्या. पानं धुऊन ओलीच ठेवली होती, त्यांवर बुरशी आली.

बदल असे केले. एका डब्यात सहापेक्षा जास्त अळ्या नाहीत. तळाशी वर्तमानपत्र, रोज बदलायचं. झाकणाऐवजी मलमलचं फडकं आणि रबर. पान धुतल्यावर पंचाने कोरडं करून, देठ ओल्या कापसात गुंडाळून ठेवायचं. अळी बोटाने उचलायची नाही. ती बसलेला पानाचा तुकडा कापून नव्या पानावर ठेवायचा, ती आपणहून चालून जाते. कात टाकायच्या आधी अळी दिवस-दीड दिवस हलत नाही, खात नाही. ती आजारी आहे असं समजून आम्ही दोघींना हलवलं, त्यांची कात अर्धवट अडकली. १७ उरल्या.

२६ जुलै
फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून ठेवण्याचा प्रयोग. बाटलीचं तोंड उघडं राहिलं आणि एक अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडाली. तोंडाशी कापूस ठासून बसवा, फट राहता कामा नये.

पेरूची पानं जून झाली म्हणून चार अळ्या दालचिनीवर टाकून पाहिल्या. ॲटलास दालचिनीवरही वाढतो हे खरं, पण पहिल्या दिवसापासून पेरूवर वाढलेली अळी मधेच झाड बदलत नाही. दोन दिवस उपाशी राहिल्या. पेरूवर परत आणल्यावर तीन सावरल्या, एक गेली. जे झाड शेवटपर्यंत पुरेल तेच पहिल्या दिवशी द्या. उरल्या १५.

२ ऑगस्ट
अळ्या बोटाच्या एका पेरापेक्षा लांब झाल्या आणि डब्यांत पानं पुरेनात. झाडावरच्या फांदीला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवली. लांबी १ मीटर, घेर फांदी मोकळी राहील इतका, दोन्ही टोकांना नाडी. कापड आणि शिलाई मिळून तीन पिशव्यांना ४२० रुपये. एका पिशवीत पाच अळ्या.

पहिल्याच रात्री एका पिशवीत पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या नाडीच्या सुरकुत्यांतून शिरल्या. पाचपैकी दोन अळ्या संपवल्या. आता फांदीच्या बुंध्याशी प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर चार बोटं रुंद ग्रीस लावलं. थेट सालीवर लावू नका, झाडाला इजा होते. दुसऱ्या फांद्या पिशवीला टेकत असतील तर ग्रीसचा उपयोग नाही. मुंग्या वरच्या बाजूने येतात, तेव्हा त्या छाटा. १३ उरल्या.

१६ ऑगस्ट
अळी आता ७ सेंटीमीटरच्या पुढे. अंगावर पांढरी मेणासारखी भुकटी आहे, ती बुरशी समजून पुसू नका. त्या पावडरीवर पाण्याचा थेंब ठरत नाही, गोळी होऊन घरंगळतो.

एक अळी काळी पडून मागच्या पायांवर उलटी लोंबकळत मेली, अंगातून घाण वासाचं पाणी. त्याच पिशवीतल्या आणखी तीन दोन दिवसांत गेल्या. पिशवीच्या तळाशी ओल्या लेंड्यांचा थर साचला होता आणि आम्ही सहा दिवस तो झटकला नव्हता. पिशवी ब्लीचच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवली. उरलेल्या नऊ अळ्या दोन स्वच्छ पिशव्यांत, नव्या फांद्यांवर. यापुढे एक दिवसाआड पिशवी सोडून लेंड्या झटकायच्या, पाऊस असला तरी.

४ सप्टेंबर
२९ ऑगस्टला पहिला कोष झाला, आज आठवा. नववी अळी सैल नाडीतून निघून गेली. कोष पानात गुंडाळलेला, आणि पानाचं देठही रेशमाने फांदीला बांधलेलं असतं. पान गळलं तरी कोष लटकत राहावा म्हणून ही बांधणी. कोष काढताना फांदीचा तो तुकडाच कापून घ्या.

शेवटच्या आठवड्यात नऊ अळ्यांनी दोन मनगटाएवढ्या फांद्या पूर्ण बोडक्या केल्या. अंड्यातून निघाल्यापासून कोषापर्यंत ४६ ते ५२ दिवस लागले.

६ सप्टेंबर
ग्रास ज्वेल, प्रयत्न दुसरा. सड्यावर आता गोधडी, रानटी निळीचीच एक बुटकी जात, जमिनीला चिकटून पसरली आहे. सकाळी दहा ते बारा, ऊन असताना मादी अगदी जमिनीलगत फिरते, झाडावर उतरते, पोट वाकवते आणि उडते. उडाली की लगेच ती जागा खिळ्याने खूण करा, नंतर सापडत नाही. अंडं दहापट भिंगातून पाहावं लागतं: टाचणीच्या डोक्याहून लहान, चपटं, हिरवट पांढरं.

या वेळी रोप उपटलं नाही. खुरप्याने वीतभर रुंदीचं ढेकूळ मातीसकट उचलून उथळ कुंडीत ठेवलं. कुंडीत खाली जांभ्याचे बारीक तुकडे, खत अजिबात नाही, जागा पूर्ण उन्हाची, पाऊस आला तर वर काच. नऊ अंडी मिळाली. झाडं जगली.

१५ सप्टेंबर
नऊपैकी सहा अळ्या गमावल्या. कुंडीवर मुंग्या दिसल्या आणि ॲटलासच्या वेळचा धडा डोक्यात असल्यामुळे कुंडीच्या कडेला मुंग्यांचा खडू ओढला. तो कीटकनाशकच असतो. रात्रीच्या सरीने पावडर झाडावर उडाली. सकाळी मुंग्याही मेलेल्या आणि अळ्याही.

हा धडा उलटा निघाला. ग्रास ज्वेलच्या अळीच्या पाठीवर, शेपटीकडे, गोड रस देणारी ग्रंथी असते. बारीक मुंग्या त्या रसासाठी अळीभोवती राहतात आणि तिला खात नाहीत. भिंगातून पाहिलं तर मुंगी मिशांनी अळीची पाठ थोपटते, क्षणभर थांबते, मग तोंड टेकवते. हिरवी अळी गोधडीच्या पानावर नजरेला मुळीच पडत नाही. मुंग्या जिथे घोटाळतात तिथे ती हमखास असते. ॲटलासच्या फांदीवर मुंगी म्हणजे नुकसान, गोधडीच्या कुंडीत मुंगी म्हणजे खूण. एकाच परसात दोन नियम पाळायचे.

उरलेल्या तीन अळ्या सड्यावर नेऊन सोडल्या. विषारी कुंडी टाकून दिली. ती माती पुन्हा वापरू नका.

१८ सप्टेंबर
नवीन ढेकळं, १४ अंडी. मुंग्यांना मोकळीक. कुंडीवर फक्त बारीक जाळीचा पिंजरा, कोळी आणि चतुर आत येऊ नयेत म्हणून. जाळी खाली मातीला टेकवलेली नाही, बोटभर फट ठेवली, त्यातून मुंग्या येतात-जातात.

२८ सप्टेंबर
ॲटलासचा पहिला कोष फुटला आणि पतंग वाया गेला. कोष बरणीच्या तळाशी आडवे ठेवले होते. सकाळी बाहेर आलेला नर वर चढायला गेला, काच गुळगुळीत, पाय निसटले. ओल्या पंखांना खाली लोंबायला जागा मिळाली नाही आणि ते चुरगळून तसेच वाळले. पुढे त्यांना काहीही करता येत नाही.

सात कोष लगेच बाहेर काढले. प्रत्येकाच्या देठाला दोरा बांधून जाळीच्या पिंजऱ्याच्या छताला टांगले. कोषाखाली मोकळी जागा कमीत कमी ३० सेंटीमीटर, आजूबाजूला दुसरा कोष वीतभर लांब. पिंजऱ्याच्या भिंती खरखरीत हव्यात. सकाळ-संध्याकाळ एकदा पाण्याचा हलका फवारा, कोष ओला चिंब नाही. पिंजरा लाकडी पट्ट्या आणि मच्छरदाणीचा, ३८० रुपये.

९ ऑक्टोबर
टांगलेल्या कोषांतून १, ४ आणि ७ तारखेला तीन पतंग आणि आज चौथा: दोन नर, दोन माद्या, सगळ्यांचे पंख सरळ. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या. मादीच्या मिशा अरुंद आणि पोट मोठं. पतंगाला साखरपाणी देऊ नका. त्याला खायचं तोंडच नाही, अळी असताना साठवलेल्यावर तो आठवडाभर जगतो. गोड पाण्याने फक्त पाय आणि पंख चिकटतात.

ग्रास ज्वेलचे आठ कोष ३ ते ५ ऑक्टोबरला गोधडीच्या पानांखाली झाले होते. आज सकाळी नऊच्या सुमाराला तीन फुलपाखरं निघाली.

वेळेचा हिशेब इथेच लिहून ठेवतो. ग्रास ज्वेल: अंडं ३ दिवस, अळी १२ ते १४, कोष ६, एकूण साधारण तीन आठवडे. ॲटलास: अंडं १० दिवस, अळी सात आठवडे, कोष चार-पाच आठवडे, एकूण तीन महिने. एका ॲटलासच्या काळात ग्रास ज्वेलच्या चार पिढ्या होतात. तक्त्यावर काळाची ही रेघ मापाइतकीच ठळक काढायची असं ठरलं.

१० ऑक्टोबर
वजन. ॲटलास सोपा: पंख वाळल्यावर दुसऱ्या दिवशी कागदी पाकिटात घालून सोनाराच्या काट्यावर. मादी ७.८६ ग्रॅम, नर २.६४.

ग्रास ज्वेल त्याच काट्यावर ठेवलं, काटा ०.०० दाखवतो. मुलांना हे दाखवून चालणार नाही. ०.००१ ग्रॅमचा काटा १,९०० रुपयांना घेतला. त्यावरही एका फुलपाखराचा आकडा ५, ७, ६ मिलिग्रॅम असा नाचत राहिला. पंखा बंद केला, काट्यावर काचेची बरणी उपडी ठेवली, काटा पातळीत घेतला, तरी एका फुलपाखरासाठी तो भरवशाचा नाही. पाच फुलपाखरं (आज आणखी दोन निघाली) दहा मिनिटं फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात गार करून, घडी घातलेल्या बटर पेपरच्या पाकिटात एकत्र तोलली. पाकिटाचं वजन वजा करून ३१ मिलिग्रॅम. एकाचं सहा.

आता ४ जुलैची नोंद काढून पाहा. ॲटलासचं एक अंडं साडेसहा मिलिग्रॅम. पंख, मिशा, पाय, डोळे यांसकट पूर्ण वाढलेलं, फुलावर बसणारं ग्रास ज्वेल ॲटलासच्या एका अंड्यापेक्षा हलकं भरलं. सगळ्या प्रकल्पात आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली ही जोडी. तक्त्यावर मधोमध हेच जाईल.

फुलपाखरं उन्हात ठेवली, पाच मिनिटांत एकदांडीच्या फुलांवर गेली.

१२ ऑक्टोबर
माप. इथे जवळपास सगळे चुकतात, आम्हीही चुकलो. पहिल्या तक्त्याच्या मसुद्यात पंखविस्तार लिहिला होता: ॲटलास २१ सेंटीमीटर, ग्रास ज्वेल १.७. पण ॲटलास पंख पसरून बसतो, त्याचं माप जिवंतपणी बसलेल्या अवस्थेत घेतलं. ग्रास ज्वेल पंख मिटून बसतं, त्याचं माप मेलेल्या फुलपाखराचे पंख ताणून घेतलं. ही दोन मापं एका पट्टीवर ठेवता येत नाहीत. बसलेला पतंग पुढचा पंख किती वर ओढतो त्यावर विस्तार दोन-दोन सेंटीमीटर बदलतो.

म्हणून दोन्हींचं एकच माप ठरवलं: पुढच्या पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत सरळ रेषेत. पंख मिटलेला असो की पसरलेला, हे माप बदलत नाही. ॲटलास मादी ११२ मिलिमीटर, नर ९६. ग्रास ज्वेल मादी ९.२, नर ८.४. मादीला मादीशीच ताडा, नर आणि मादी एकत्र करू नका. लांबी १२ पट, वजन १,३०० पट.

फोटोतही तीच भानगड. आलेखाचा कागद पाठीमागे लावला होता, पतंग त्याच्यापुढे चार सेंटीमीटरवर. फोटोवरून मोजलं तर पंख १२० मिलिमीटर भरतो, म्हणजे आठ मिलिमीटर जास्त. पट्टी पंखाच्या पातळीतच हवी, कॅमेरा पंखासमोर काटकोनात. ग्रास ज्वेलसाठी मोबाइलला लावायची क्लिपची लेन्स (३५० रुपये) पुरली. मागच्या पंखाच्या कडेचे काळे ठिपके, त्यांभोवती नारिंगी आणि आत चमकणारे निळसर हिरवे कण तिने स्वच्छ टिपले. ॲटलासच्या पंखांवरच्या तिकोनी खिडक्या त्याच लेन्सखाली पाहिल्या: तिथे खवले नाहीत, मागचा आलेखाचा कागद आरपार दिसतो.

२० ऑक्टोबर
एक नर आणि एक मादी आपणहून मेल्यावर मांडायला घेतली. बाकी दोन रात्री सोडली. पंख कडक झालेले असतात, म्हणून डब्यात ओली वाळू, वर जाळी, त्यावर पाखरू. ग्रास ज्वेल एका रात्रीत मऊ होतं, ॲटलासला अडीच दिवस लागले. दोन्ही एकाच डब्यात ठेवली होती, तर ग्रास ज्वेलवर बुरशी धरली. वेगळे डबे करा.

ॲटलास मादीचं पोट तसंच ठेवलं तर तेल सुटून पंख डागाळतात. पोट अलगद वेगळं करून, आतलं काढून, कापूस भरून वाळवलं आणि नंतर डिंकाने चिकटवलं.

मांडणी थर्माकोलवर केली आणि पेटीत डांबरगोळ्या टाकल्या. आठ दिवसांत गोळ्यांजवळचा थर्माकोल विरघळून खड्डे पडले, टाचण्या कलल्या, नराचा उजवा पंख फाटला. डांबरगोळी आणि थर्माकोल एकत्र नको. आता तळाला कॉर्क, गोळी मलमलच्या पुरचुंडीत कोपऱ्यात.

३ नोव्हेंबर
छपाई. पहिली प्रत ६ टक्के लहान आली, कारण छापताना कागदावर मावेल तसं करण्याची सोय चालू होती. डोळ्याला कळतच नाही. फाइलमध्येच बरोबर १०० मिलिमीटरची एक काळी रेघ ठेवा आणि छापून आल्यावर दुकानातच पट्टीने मोजा. दुसरी प्रत ए-३ कागदावर, मूळ मापात, रेघ बरोबर १००. दोन्ही प्रती मिळून १६० रुपये.

तक्त्यात डावीकडे ॲटलास मादी खऱ्या मापात, तिच्या पंखाच्या टोकाशी ग्रास ज्वेल खऱ्या मापात, उजवीकडे तेच ग्रास ज्वेल १२ पट मोठं. मधे एक अंडं आणि एक फुलपाखरू, खाली वजन. कडेला तीन महिन्यांची रेघ.

एकूण खर्च, काटा धरून, ३,९०० रुपयांच्या आसपास. काटा उसना मिळाला तर निम्म्यात होतं.

२८ जानेवारी
उरलेले तीन कोष अजून टांगलेले आहेत. ॲटलासचा कोष पाऊस संपला की पुढच्या पावसापर्यंत थांबू शकतो, म्हणून घाईने कापू नका. महिन्यातून एकदा वजन करा. जिवंत कोषाचं वजन अगदी हळू उतरतं. दोन कोष नोव्हेंबरात ९.४ आणि ६.१ ग्रॅम होते, आज ९.१ आणि ५.९. तिसरा ५.८ वरून २.२ वर आला आणि हलवल्यावर आत खडखडतो. तो कापला. आत पतंगाचा कोष पोकळ, कडेला भोक, आणि परजीवी माशीची रिकामी लालसर कवचं, सात. माशीने अळीवर अंडी घातली ती ऑगस्टात, पिशवी बदलताना फांदी उघडी राहिली तेव्हाच असणार. पुढच्या वेळी पिशवी बदलायचं काम संध्याकाळनंतर.

उरलेले दोन छताला तसेच आहेत. फवारा बंद, सावली, वारा मोकळा. जूनच्या पहिल्या सरीपासून रोज सकाळी सहाला बघायचं.